परसातलं ॲक्वापोनिक्स: मासे सगळ्यात शेवटी

ॲक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि मातीविना खडीत लावलेली भाजी एकाच फिरत्या पाण्यावर वाढवणं. नव्याने सुरू केलेलं ॲक्वापोनिक्स फसतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि फसण्याची तऱ्हा ठरलेली असते. शनिवारी टाकी बसते, रविवारी पाणी भरलं जातं आणि सोमवारी पन्नास बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) पाण्यात सोडली जातात. आठ-दहा दिवस सगळं छान दिसतं. मग एका सकाळी पाच-सहा मासे उलटे तरंगताना दिसतात, उरलेले पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत असतात, आणि घरात पंपावरून वाद सुरू होतो. पंप बिचारा ठीकच असतो. चूक क्रमात झालेली असते.

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. खडीवर वाढणारे एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. झाडं मुख्यतः हे नायट्रेट घेतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत, आणि जिवाणूंची ही वसाहत उभी राहायला गोव्याच्या उबदार पाण्यातसुद्धा चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी बांधकाम, मग पाणी, जिवाणू, रोपं आणि शेवटी मासे.

खालची सगळी मापं एका आयबीसी टाकीसाठी आहेत (लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची पांढरी टाकी). ती आडवी कापून खालच्या भागात मासे आणि वरच्या भागात खडीचा वाफा करायचा. फिरतं पाणी एकूण ६०० लिटर आणि वाफा सुमारे १ चौरस मीटर.

१. जागा आणि मुहूर्त

माडाखाली टाकी ठेवू नये. नारळ आणि झावळ पडण्याचा धोका तर आहेच. फणस, काजू, आंब्याखाली पाला पडून पाण्यात कुजतो. वाफ्याला सकाळचं चार-पाच तास ऊन मिळावं आणि माशांची टाकी सावलीत राहावी, अशी जागा घराच्या पूर्वेला सापडते. पावसाचा मारा नैऋत्येकडून येत असल्याने घराची आडही तिथेच मिळते. शौचालयाच्या टाकीजवळची जागा टाळा.

सुरुवात ऑक्टोबरअखेर, पाऊस ओसरल्यावर करा. डिसेंबरात मासे येतात आणि जून उजाडेपर्यंत यंत्रणा सहा महिन्यांची मुरलेली असते. चवथीच्या सुट्टीत हुरूप येतो खरा, पण भर पावसात नवी जोडणी सुरू करणं म्हणजे सगळ्यात अवघड महिन्यांत शिकायला बसणं.

२. टाकी, ओटा आणि खडी

वापरलेली टाकी घेताना आधी तिच्यात काय होतं ते विचारा. औद्योगिक वसाहतींतून भंगारवाल्याकडे येणाऱ्या टाक्यांत खाद्यतेल, सरबताचा पाक, साबण, द्रावक, काहीही असू शकतं. मूळ लेबल शाबूत असेल आणि आत खाण्याचा पदार्थ असेल तरच घ्या. वास येणारी टाकी धुऊन चालत नाही, प्लास्टिक तो धरून ठेवतं.

वरून ३५ सेंटिमीटरवर पिंजऱ्यासकट काप घ्या. वरचा भाग उलटा केला की वाफा तयार. त्याचं गोल झाकण आता तळाला येतं, ते रबरी वॉशर लावून घट्ट करा. दोन्ही भागांना बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. रंग न दिलेल्या टाकीत पंधरा दिवसांत हिरवं शेवाळ धरतं.

वाफा चिऱ्यांच्या खांबांवर, टाकीच्या शेजारी आणि तिच्या काठाहून उंच बसवा, म्हणजे पाणी आपोआप टाकीत परत पडेल. खांबांवर सिमेंटच्या स्लॅबच्या पट्ट्या टाका आणि मधे झाकणापुरती फट सोडा. वाफ्यात ३०० लिटर खडी बसते. तिचं वजनच साडेचारशे-पावणेपाचशे किलो, वर पाणी. सहाशे किलोच्या घरातला हा भार लाकडी फळ्यांवर किंवा गंजक्या टेबलावर ठेवला, तर पहिल्या पावसात फळी फुगते, वाफा एका अंगाला कलतो आणि सायफन (वाफ्यातलं पाणी आपोआप उपसणारी नळी) बिघडतो.

खडी काळी, २० मिलिमीटरची घ्या. चिऱ्याचे तुकडे दारात फुकट पडलेले असतात, पण ते वापरू नका. चिरा पाण्यात झिजतो, त्याची तांबडी माती सुटते, ती खडीतल्या फटी बुजवते आणि माशांच्या कल्ल्यांत बसते. काळी खडीही क्रशरची भुकटी घेऊनच येते. घमेल्या-घमेल्याने, निवळ पाणी निघेपर्यंत धुवा. या कामाला अख्खा दिवस जातो, आणि कंटाळून अर्ध्यात सोडणाऱ्यांचं पाणी महिनाभर राखाडी राहतं.

तपासणी: मूठभर खडीवर विनेगर ओता. घरातला माडाचा विनेगर चालतो. बुडबुडे आले तर खडीत चुना आहे. ती पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) वर ढकलत राहील. दुसरी खडी बघा.

३. पंप, नळ आणि सायफन

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी सव्वा मीटर चढवायचं म्हटलं की लहान पंपांत तो निम्म्यावरही येतो. आपल्याला त्या उंचीवर तासाला किमान ६०० लिटर हवं, म्हणून खोक्यावर १५०० ते २००० असलेला पंप बघा. बसवल्यावर बादलीने मोजा: १० लिटरची बादली ६० सेकंदांत भरली की तासाला ६०० लिटर.

पंपाच्या नळाला दोन फाटे काढा आणि दोन्हीवर कॉक लावा. एक वाफ्याकडे, दुसरा थेट टाकीत उंचावरून पडणारा. हा बायपास पाण्यात हवा मिसळतो आणि वाफ्याकडचा प्रवाह बेताचा ठेवायला उपयोगी पडतो. याशिवाय हवेचा वेगळा पंप आणि दोन एअरस्टोन (पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) लागतातच. ३० अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू पूर्ण विरघळला तरी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, आणि ५ च्या खाली मासे त्रासतात. फरक किती थोडा आहे बघा.

वाफा भरतो-रिकामा होतो तो बेल सायफनने: पाणी ठरावीक उंचीला पोचलं की तो ते एकदम खाली ओढून घेतो. टँक निपल लावून वाफ्याच्या तळातून २५ मिलिमीटरचा उभा पाइप काढा, आत उंची २२ ते २३ सेंटिमीटर. त्याच्या तोंडावर मोठ्या मापाचा रिड्यूसर बसवला की पाणी नरसाळ्यासारखं आत शिरतं. त्यावर ७५ मिलिमीटरचा, वरून बंद पाइप टोपीसारखा ठेवा. त्याची उंची उभ्या पाइपपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी आणि तळाशी दोन सेंटिमीटरच्या खाचा पाडायच्या. या सगळ्याभोवती भोकं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप, खडी आत येऊ नये म्हणून. खडीचा वरचा ५ सेंटिमीटरचा थर कायम कोरडा राहिला पाहिजे. तिथे पाणी चढलं तर शेवाळ येतं, खोडं कुजतात आणि डास अंडी घालतात.

सायफनच्या दोनच तक्रारी असतात. पाणी उभ्या पाइपातून नुसतं पाझरत राहतं आणि जोरात ओढ लागत नाही, म्हणजे प्रवाह कमी आहे. वाफ्याकडचा कॉक थोडा उघडा आणि बाहेर पडणाऱ्या नळाला खाली एक एल्बो लावा. किंवा वाफा रिकामा झाला तरी सायफन गुळगुळत राहतो, थांबत नाही, म्हणजे प्रवाह जास्त आहे. कॉक आवळा. तासाला ४०० लिटर, म्हणजे बादलीला ९० सेकंद, इथून सुरू करून जुळवा. वाफा साधारण पंधरा मिनिटांत भरेल.

सावधान: जस्ताचा मुलामा दिलेले नळ, पितळी-तांब्याचे कॉक पाण्याच्या वाटेत नकोत. तांबं आणि जस्त माशांना मारक आहेत. सगळं पीव्हीसी ठेवा. विजेची जोडणी ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमधूनच (वीज गळली की लगेच तोडणारा स्वीच), सॉकेट छातीच्या उंचीवर आणि आडोशाला. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

तपासणी: तीन दिवस नुसतं पाणी फिरवा. गळती, कलणं, सायफनचा हट्ट, सगळं आत्ताच दिसू द्या.

४. पाणी: गोव्यातली खरी अडचण

नळाच्या पाण्यात, मग ते ओपाचं असो, अस्नोड्याचं की साळावलीचं, क्लोरीन असतं. तेच जिवाणू मारतं. एअरस्टोन चालू ठेवून उघड्या टाकीत ४८ तास फिरू द्या. नंतर वरचं पाणी घालतानाही हाच नियम. पाइप थेट टाकीत सोडून विसरणं ही मासे मारायची खात्रीची पद्धत आहे.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांना क्लोरीनची काळजी नाही, पण चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बरेचदा आम्ल आणि मृदू असतं. पीएच ६ च्या आसपास सापडतो आणि क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद (खारेपणा नव्हे), जवळजवळ नसते. इथेच पुस्तकी माहिती वाचून करणारे अडकतात. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्ची पडते. आधीच ती कमी असेल तर पीएच महिनाभरात घसरतो, आणि ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. बाहेरून काही कळत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि अमोनिया साचत जातो.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांची शिंपलं उकळून, घासून, उन्हात वाळवा आणि जाडसर फोडा. दोन-तीन किलो जाळीच्या पिशवीत भरून टाकीत जिथे पाणी पडतं तिथे लटकवा. पीएच ७ झाला की पिशवी बाहेर काढा, ६.८ च्या खाली जायला लागला की परत आत. शिंपलं खडीत मिसळू मात्र नका. पिशवी काढता येते, मिसळलेली शिंपलं काढता येत नाहीत.

राखायचे आकडे: पीएच ६.८ ते ७.२, क्षारता लिटरला किमान ६० मिलिग्रॅम. पीएच वाढला म्हणून लिंबू किंवा विनेगर टाकीत ओतू नका. मे महिन्यात खारं लागणारं विहिरीचं पाणीही नको, भाज्या त्यात करपतात.

५. माशांविना जिवाणू

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गाळला जातो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्या, शिवाय क्षारतेचं. कागदी पट्ट्या दमट हवेत लवकर खराब होतात.

अमोनियासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरा. बाजारातला खड्यांचा नवसागर मळका असू शकतो. रसायनांच्या दुकानातला शुद्ध, पांढरा घ्या. ६०० लिटरला ४ ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. चमच्याने अंदाज नको, सोनाराच्या मापाचा लहान काटा वापरा.

युरिया टाकू नये. त्याचा अमोनिया व्हायला वेळ लागतो, किटात काही दिसत नाही म्हणून माणूस आणखी टाकतो आणि मग सगळाच एकदम उसळतो. शिवाय आपल्याकडे मिळणारा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला असतो. तो लेप जमिनीतलं नायट्रीकरण मंदावण्यासाठीच असतो, आणि आपल्याला नेमकं तेच घडवून आणायचं आहे.

पुढचा क्रम असा. पहिल्या दिवशी ४ ग्रॅम, आणि पाणी अखंड फिरतं. रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा. पहिला आठवडा आकडे हलणारच नाहीत, हात आवरा. ५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला तर जिवाणूच मंदावतात. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट वर चढतं. अमोनिया ०.५ च्या खाली आला की परत ४ ग्रॅम. नायट्राइट बरेच दिवस किटाच्या सर्वांत गडद रंगावर अडून बसतं, इथे लोकांचा धीर सुटतो. ते एकदा घसरायला लागलं की चार-पाच दिवसांत संपतं आणि नायट्रेट दिसू लागतं.

मधे गाडी पूर्ण अडली, आकडे दहा-बारा दिवस जागचे हलले नाहीत, तर आधी पीएच बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

ओळखीच्या कुणाचं निरोगी माशांचं जुनं ॲक्वेरियम असेल तर फिल्टरचा स्पंज आणून वाफ्यात पिळा, एखाद-दोन आठवडे वाचतात. शेतातली माती किंवा ओढ्याचा गाळ टाकू नका, त्याबरोबर रोग येतात.

तपासणी: संध्याकाळी ४ ग्रॅम टाका. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ०.२५ किंवा कमी आले आणि हे लागोपाठ तीन दिवस जमलं, तर वसाहत तयार. दोनच दिवस जमलं तर अजून मासे नाहीत.

६. रोपं

नायट्रेट दिसलं की रोपं लावा, मासे येण्याच्या आठवडाभर आधीच. तांबडी भाजी, मयाळू, नाळीची भाजी, पुदिना, तुळस यांवर पहिले तीन महिने भागवा. मिरची-वांग्याला पोटॅशियम जास्त लागतं, ती सहा महिन्यांनंतर. मुळा, गाजर खडीत वाकडीतिकडी होतात, नादी लागू नका. मातीत वाढवलेलं रोप असेल तर मुळं बादलीत बुडवून माती पूर्ण धुवा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी. माशांच्या खाद्यातून ते पुरेसं येत नाही. डीटीपीए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहणारं, लोह (११ टक्के) ६०० लिटरला ११ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. ईडीटीए स्वस्त असतं, पण पीएच ७ ला ते टिकत नाही. गंजके खिळे टाकून काही होत नाही.

सावधान: माव्यावर औषध फवारू नका, निंबोळी तेलही नाही. पानावरचं सगळं शेवटी माशांच्या पाण्यात उतरतं. पाण्याचा फवारा जोरात मारा, फारच झालं तर रोप उपटा.

७. मासे किती आणि कोणते

'६०० लिटरमध्ये किती मासे?' हा प्रश्नच चुकीचा आहे. वाफा रोज किती खाद्याची घाण पचवतो, ते विचारा. पालेभाजीचा १ चौरस मीटर वाफा दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य झेलतो. मोठा मासा वजनाच्या सुमारे २ टक्के खातो. २०० ग्रॅमचे १२ मासे म्हणजे २.४ किलो, त्यांचं खाद्य ४८ ग्रॅम. म्हणून बाराच. बोटुकली लहान असताना टाकी रिकामी वाटते आणि चाळीस आणायचा मोह होतो. सहाव्या महिन्यात तो फेडावा लागतो.

पहिल्या खेपेला कोई किंवा साधा सायप्रिनस घ्या. दोन्ही चिवट आहेत, शिकणाऱ्याच्या चुका सोसतात. काळुंदर ताटात सर्वांना हवा असतो, पण वाढ मंद, आणि खाऱ्या पाण्यातलं बीज गोड्याला हळूहळू सरावावं लागतं. दुसऱ्या वर्षी बघा. तिलापियासाठी मत्स्योद्योग खात्याकडे परवानगीची चौकशी करा, कारण पुरात निसटला तर तो शेतांत आणि खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत) पसरतो. आफ्रिकन मागूरवर देशात बंदी आहे, कुणी 'पटकन वाढतो' म्हणून गळ्यात मारला तरी घेऊ नका.

मासे संध्याकाळी आणा. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग दर पाच मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी पिशवीत, असं अर्धा तास. मासे जाळीने काढून सोडा आणि पिशवीतलं पाणी माडाच्या मुळाशी ओता, टाकीत नाही. पहिले २४ तास खाद्य नको. टाकीवर जाळी त्याच दिवशी लावा. खंड्या आणि मांजर दोघांनाही बातमी लवकर कळते.

८. रोजचं खाद्य आणि बिघाड

२८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य, दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं जाळीने काढा. शिळे पाव, उंडे, भाताची शितं टाकीत नकोत, ती मासे खातात त्याहून जास्त कुजतात. खाद्य एका वेळी महिन्या-दोन महिन्यांचंच घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. बुरशीचा वास आलेलं फेका.

पहिला महिना रोज मोजा, मग आठवड्यातून दोनदा. अमोनिया ०.५ च्या वर गेला: खाद्य बंद, तिसरा हिस्सा पाणी बदला (४८ तास मुरवलेलं), पीएच पाहा. अशा वेळी पीएच वाढवायची घाई करू नका, कारण ७ चा ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. नायट्राइट चढलं तर हेच, शिवाय लिटरला १ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे ६०० ग्रॅम, विरघळवून एकदाच. मीठ पाण्यातून उडून जात नाही, दर वेळी टाकाल तर भाजी मरेल.

सकाळी मासे वर येऊन धापा टाकत असतील तर किट काढण्याआधी एअरस्टोन बघा.

९. पावसाळा

उघड्या टाकीवर आणि वाफ्यावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २०० लिटर पाणी आत येतं, म्हणजे यंत्रणेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. ते अगदी मृदू असतं. क्षारता एका रात्रीत पातळ होते, पीएच घसरतो, आणि टाकी काठोकाठ भरून मासे अंगणात. मे संपायच्या आत पारदर्शक पत्र्याचं छप्पर घाला. टाकीला वरून १० सेंटिमीटरवर ओव्हरफ्लो काढा, त्याला जाळी बांधा आणि तोंड शोषखड्ड्यात सोडा, ओहोळात नाही. जून ते सप्टेंबर पीएच आणि क्षारता दर दोन दिवसांनी मोजा, शिंपल्यांची पिशवी हाताशी ठेवा.

वळवाच्या गडगडाटात वीज जाणारच. हवेचा पंप १२ व्होल्टचा घेऊन बॅटरीवर जोडा. ७ अँपिअर-तासांची बॅटरी ५ वॉटचा पंप एका रात्रीपुरता ओढते. वीज नसताना खाद्य द्यायचं नाही, परत आल्यावरही दोन तास नाही. आणि बॅटरी महिन्यातून एकदा, मुख्य स्वीच मुद्दाम बंद करून, तासभर चालवून बघा.